जुनी ऐरण घासायच्या आधी : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात जुन्या अवजारांच्या पानावर ऐरणीचा ओझरता उल्लेख आला आणि बरीच पत्रं आली. संपादकांनी ती माझ्याकडे पाठवली, कारण माझा जन्म लोहाराच्या घरातला. कोल्हापूरच्या उद्यमनगरात हात तयार झाला आणि पुढे आयटीआयमध्ये लोहारकामाचा निदेशक म्हणून मी निवृत्त झालो. जुन्या ऐरणी गोळा करतो, दुरुस्त करतो. सगळी पत्रं छापता येणार नाहीत; सारख्या प्रश्नांना एकत्र उत्तर दिलं आहे.

आमच्या जुन्या गोठ्याची भिंत पाडताना मोठी ऐरण सापडली. एका अंगाला शिंग, दुसऱ्या अंगाला चपटी शेपटी. पोटावर १, २ आणि १४ हे आकडे सुटेसुटे दिसतात, वर ‘पीटर’ एवढं इंग्रजीत वाचता येतं. गावात म्हणतात, हे सन १२१४ आहे. इतकी जुनी असेल का? – एक वाचक, कराड तालुका

ते वजन आहे. इंग्लंडात ऐरणीवर वजन हंड्रेडवेटच्या हिशेबात ठोकायचे. पहिला आकडा हंड्रेडवेटचा, म्हणजे ११२ पौंडांचा. मधला पाव हंड्रेडवेटचा, म्हणजे २८ पौंडांचा, त्यामुळे मधे ०, १, २ किंवा ३ यापलीकडचा आकडा येत नाही. शेवटचे सुटे पौंड. ते २७ च्या पुढे जात नाहीत. तुमचा हिशेब असा: ११२, त्यात दोन पाव म्हणजे ५६, वर १४. झाले १८२ पौंड, म्हणजे साडेब्याऐंशी किलो.

आता एक काम करा. ती टेम्पोत घाला आणि वजनकाट्यावर न्या. काट्यावर ८१-८२ भरली तर अंग शाबूत आहे. तेवढी झीज शंभर वर्षांच्या कामात होणारच. ७५ भरली तर कुणीतरी वरून मशीन मारून थर काढला आहे किंवा कुठला तरी तुकडा गेला आहे. जुनी इंग्लिश ऐरण विकत घेताना मी आकडे वाचतो आणि आधी काटा शोधतो. विकणारा काय सांगतो ते नंतर ऐकतो.

‘पीटर’ म्हणजे बहुधा पीटर राइट. डडली गावचा कारखाना, बर्मिंगहॅमच्या पश्चिमेला, कोळशाच्या आणि लोखंडाच्या मुलखात. त्याचा पूर्ण शिक्का असा: वर नाव, खाली ‘पेटंट’ आणि एका वर्तुळात ‘सॉलिड रॉट’, म्हणजे अंग घडीव लोखंडाचं आहे, बीडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, नाही. या ऐरणी १९व्या शतकाच्या उत्तरार्धात आणि पुढे २०व्या शतकाच्या सुरुवातीला जगभर गेल्या. आपल्याकडे रेल्वे, गोदी, बांधकाम खातं, लष्कराचे कारखाने, अशा ठिकाणी त्या आल्या आणि लिलावात निघून गावोगाव पांगल्या. तुमच्या गोठ्यात ती अशीच कुठून तरी आली असणार.

काळ ठरवायला अजून तीन-चार गोष्टी पाहा. सपाटीवर शेपटीकडे दोन भोकं असतात. चौकोनी भोकात छन्नीचं किंवा वाकवणीचं बूड बसवतात. गोल भोक लहान असतं. नाल तापवून त्याला खिळ्याची भोकं पाडताना सुंभा आरपार जावा म्हणून ते ठेवलेलं. साधारण १८३० च्या आधीच्या इंग्लिश ऐरणींना हे गोल भोक सहसा नसतं. तुमच्या ऐरणीला ते असणारच. शिक्क्यात ‘इंग्लंड’ हा शब्द आहे का तेही बघा. अमेरिकेनं १८९० च्या जकात कायद्यात परदेशी मालावर देशाचं नाव घालायची सक्ती केली. त्यानंतर इंग्लिश कारखानदार तो शब्द ठोकू लागले. तो असेल तर ऐरण त्यानंतरची धरायला हरकत नाही. नसेल तर मात्र लगेच ‘आधीची’ म्हणू नका, कारण अमेरिकेला न जाणाऱ्या मालावर तो घालायचं बंधन नव्हतं. पोटाला किंवा तळाला बोट जाईल एवढी चौकोनी भोकं दिसली तर घाबरू नका, ती मोडतोड नाही. एवढा धगधगता गोळा घणाखाली फिरवायचा तर त्यात पहारीसारखे दांडे खुपसायला जागा लागायची. ती भोकं म्हणजे घडीव अंगाची खूण.

अक्षरं वाचण्यासाठी ग्राइंडरला तारेचा ब्रश लावू नका. अक्षरांच्या कडा एकदा गोल झाल्या की परत येत नाहीत. रॉकेल आणि पितळी तारांचा हातब्रश पुरे. मग रात्री दिवे बंद करून टॉर्च ऐरणीच्या पोटाला जवळजवळ टेकवून आडवी धरा आणि हळूहळू फिरवा. दिवसा दिसली नाहीत ती अक्षरं सावलीनं उठून येतात. तरी नाही जमलं तर पातळ कागद लावून त्यावर पेन्सिल आडवी घासा. मी एका ऐरणीवर असंच करत होतो. आधी नुसता ‘ई’सारखा ओरखडा, मग त्याच्या बाजूला अर्धी कमान, आणि कागद हलवून पुन्हा घासला तेव्हा ‘आर्मिटेज’ उभं राहिलं. त्या क्षणाचा आनंद मला अजून सांगता येत नाही.

हे आर्मिटेज म्हणजे शेफिल्डच्या माउसहोल फोर्जचे मालक. रिव्हेलिन नदीच्या पाण्यावर तिथले मोठे घण चालत. इस्लामपूरच्या वाचकांनी ‘आकड्यांच्या मधे ठिपके आहेत’ असं कळवलं आहे. वजनाच्या आकड्यांमधे ठिपके देणं ही माउसहोलची सवय होती. तेव्हा त्यांनी ‘एम’ आणि ‘एच’ ही अक्षरं शोधावीत.

पुण्याच्या जुन्या बाजारातून ऐरण घेतली. काळा रंग फासलेला आहे, दिसायला छान. पण हातोडी मारली की ठण्ण वाजत नाही, नुसता ‘ठप’ आवाज येतो. फसलो का? – एक वाचक, पुणे

पहिल्यांदा तो काळा रंग उतरवा, पेंट रिमूव्हरनं. सँडपेपर कोरडा घासू नका. जुन्या रंगात शिसं असू शकतं आणि ती धूळ छातीत जाते. जाड काळ्या रंगाखाली बऱ्याचदा लांबी भरलेली असते, गाडीच्या डेंटवर भरतात तीच. कडा तुटलेल्या असतील तर तिनं त्या सरळ दिसतात.

मग बेअरिंगच्या दुकानातून इंचभर व्यासाचा एक छर्रा आणा. सपाटीवर पट्टी उभी धरा आणि छर्रा २५ सेंटिमीटरवरून नुसता सोडा, फेकू नका. तो १८ सेंटिमीटरपर्यंत किंवा वर उसळला तर पोलाद कडक आहे. १२ च्या खाली राहिला तर मऊ. हे एकाच जागी करून थांबू नका. शिंगापासून शेपटीपर्यंत बोटाबोटावर करत जा. सगळीकडे चांगला उसळतो आणि एकाच टापूत मरतो, तिथेच हातोडीचा आवाजही बसका येतो, असं झालं तर वरची पोलादी पाटी त्या जागी अंगापासून सुटली आहे. जुन्या घडीव ऐरणीचं अंग लोखंडाचं असतं आणि त्यावर साधारण अर्धा इंच जाडीची पोलादाची पाटी तापवून, ठोकून एकजीव केलेली असते. ती सुटली तर ऐरण कामाची राहत नाही. शोभेला ठेवता येईल.

सगळीकडेच छर्रा मरतो आणि कानस सहज चावते, अशी स्थिती असेल तर पूर्ण बीडाचा ओतीव ठोकळा तुमच्या गळ्यात मारला गेला आहे. कानस लावून पाहायची तर शेपटीच्या अगदी टोकाच्या कडेला, एक हलका हात. कडक पोलादावर ती घसरते. शिंगाच्या मागची, सपाटीपेक्षा बोटभर खाली असलेली लहान चौकोनी पायरी मात्र मुद्दाम मऊ ठेवलेली असते, छन्नीनं तोडकाम तिच्यावर करायचं म्हणून. तिथे कानस चावली तर मनाला लावून घेऊ नका. तिच्यावर छन्नीचे वार दिसतील. ते काम केल्याच्या खुणा आहेत.

एक शक्यता अजून आहे. घराला किंवा दुकानाला आग लागून ऐरण त्यात तापली असेल तर पोलादाचं पाणी, म्हणजे तापवून विझवून आणलेला कडकपणा, उतरतं. मग शिक्का अस्सल, अंग अस्सल, तरी वरची पाटी मऊ.

वडिलांची ऐरण मधे खोलगट झाली होती आणि कडा उडाल्या होत्या. एका मशीन शॉपमध्ये मिलिंग करून घेतली, आरशासारखी झाली. आता हातोडीचे खड्डे पडायला लागलेत. काय करू? – एक वाचक, नाशिक

पत्र वाचून फार वाईट वाटलं. तुमच्या भल्यासाठी म्हणूनच त्यांनी केलं असणार, पण या एका कामानं जितक्या ऐरणी मेल्या तितक्या गंजानंही मेल्या नसतील.

वर म्हटलं तशी पोलादी पाटी अर्धा इंच. तिला पाणी देताना सर्वांत कडक होतो तो वरचा थर. खाली जावं तसा कडकपणा कमी होत जातो, कारण आतलं पोलाद सावकाश थंड होतं. म्हणजे वरचे तीन-चार मिलिमीटर काढले की तुम्ही नेमकं कमावलेलं तेवढं काढून टाकलं. शिवाय इतक्या वर्षांत झिजून आधीच पाटी पातळ झालेली असते, आणि तिची जाडी सगळीकडे सारखी नसते. मिलिंगवाला तळ समोर धरून सपाट मारतो. एका टोकाला पाटी दोन मिलिमीटर उरते, दुसऱ्या टोकाला लोखंडच उघडं पडतं.

मधली खोलगटी दोष आहे असं का वाटतं हेच मला कळत नाही. वाकलेली सळई किंवा पट्टी सरळ करायची तर तिला खाली जायला जागा लागते. अगदी सपाट जागेवर ती ठोकली की उसळून पुन्हा वाकते. जुने कारागीर खोलगट जागा हौसेनं वापरत. आणि कडा? लोहाराला सगळीकडे चाकूसारखी धारदार कड नकोच असते, कारण तिच्यावर खांदा (सळईची पायरी) पाडला की कामात चीर पडते. तुटलेल्या कडेचे कंगोरे हातानं, कानशीनं किंवा बारीक फ्लॅप डिस्कनं गोल करा. कुठे मोठा गोलवा, कुठे लहान. तेवढी दुरुस्ती बास.

तुमच्या ऐरणीचं आता: जड काम तिच्यावर करू नका. तांबं-पितळ, गरम लोखंडाचं हलकं काम चालेल. कडा वेल्डिंगनं भरून घेण्याचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईल. ते होतं, मी केलंही आहे, पण अटी आहेत. ऐरण आधी पूर्ण अंगानं सुमारे २०० अंशांपर्यंत तापवावी लागते. थंड ऐरणीवर आर्क मारला की त्या जागेच्या भोवतीचं भरपूर कार्बनचं पोलाद एकदम थंड होऊन काचेसारखं ठिसूळ होतं, आणि भरलेला तुकडा पुढे एखाद्या घावाला उडतो. उडालेला तुकडा डोळ्यात गेला की डोळा जातो. नंतर ती राखेत पुरून सावकाश निववावी लागते. हे सगळं करणारा माणूस मिळाला तरच करा. संग्रहासाठी ठेवणार असाल तर अजिबात नको.

रत्नागिरीत घर समुद्राजवळ. ऐरणीवर गंजाचे पापुद्रे सुटतात. ॲसिड लावू का? – एक वाचक, रत्नागिरी

ॲसिड नको. ते गंजाबरोबर अक्षरंही खातं, आणि कडक पोलादात हायड्रोजन शिरून त्याला चिरा जाऊ शकतात.

मोठा प्लास्टिकचा ड्रम घ्या. पाणी भरा, दर चार लिटरला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा घाला, कॉस्टिक नव्हे. ऐरण दोरानं आत सोडा, तिला बॅटरी चार्जरचं ऋण टोक जोडा. धन टोकाला भंगारातली लोखंडी पट्टी, ऐरणीला न टेकेल अशी. स्टेनलेस स्टीलची पट्टी वापरू नका, त्यातून क्रोमियमचं विषारी संयुग पाण्यात उतरतं. हे उघड्या अंगणात करायचं, जवळ विस्तव नको, कारण निघणारा वायू पेट घेतो. हात घालायच्या आधी चार्जर बंद. दुसऱ्या दिवशी गंज काळा आणि मऊ झालेला असेल, हातब्रशनं निघेल.

मग भरपूर धुवा, कडक उन्हात तापू द्या आणि अंग कोमट असतानाच उकळलेल्या जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात द्या. रंगाच्या दुकानात ‘डबल बॉइल्ड लिनसीड’ म्हणून मिळतं. जास्तीचं पुसून काढा, नाहीतर चिकट राहतं. आणि पुसलेलं फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि बोळा आपोआप पेटतो. फडकं दोरीवर पसरून वाळवा. कोकणात पावसाळ्याच्या आधी आणि नंतर असा एकेक हात पुरतो. ऐरण कामात असेल तर सपाटीला फक्त मशीनचं तेल, काम संपल्यावर.

आणि सगळा काळेपणा घालवून चांदीसारखी चकचकीत करू नका. तो काळसर-तपकिरी थर घट्ट बसलेला आहे, तोच पुढच्या गंजाला अडवतो. सुटणारे पापुद्रे तेवढे काढायचे.

ऐरण कशावर बसवावी? – तीन-चार वाचक

बाभळीचा ओंडका, उभ्या रेषांचा, म्हणजे झाड उभं असताना जसा होता तसाच. उंची अशी की सरळ उभं राहून मूठ खाली सोडली की बोटांची पेरं सपाटीला टेकावीत. फार वाजत असेल तर कमरेला जाड साखळी गुंडाळा किंवा शेपटीखाली जुन्या स्पीकरचं लोहचुंबक चिकटवा.

माझे आजोबा गावचे लोहार. त्यांची ऐरण म्हणजे एक चौकोनी ठोकळा, ना शिंग ना भोक ना नाव. इंटरनेटवर सगळ्या इंग्लिश ऐरणींची माहिती मिळते, अशा ठोकळ्याची नाही. भंगारवाला किलोवर मागतोय. हिला काही किंमत आहे का? हिचं वय कसं काढायचं? – एक वाचक, उदगीर

तुमच्या पत्रासाठी मी हे सगळं लिहायला बसलो. भंगारवाल्याला नाही म्हणून सांगा, आजच.

आपल्या गावच्या लोहाराची ऐरण अशीच असते. वर चौरस, खाली थोडी निमुळती, आणि ती बाभळीच्या ओंडक्यात ठोकून बसवलेली. ओंडका जमिनीत पुरलेला, कारण आपला लोहार बसून काम करायचा. एका हातात सांडशी आणि दुसऱ्यात हातोडा, समोर घण मारणारा उभा, भात्यावर बायको नाही तर पोर. शिंगाचं काम तो दुसऱ्या लहान दांड्यावर करायचा किंवा ठोकळ्याच्या कोपऱ्यावर. त्यामुळे चार कोपऱ्यांतला एक कोपरा जास्त झिजलेला असेल. तो कोणता, ते बघा. उजव्या हाताचा माणूस कसा बसायचा ते त्यावरून कळतं. वरची कड चहूबाजूंनी फुलून बाहेर आलेली असेल, ती कापू नका. ती घणाच्या घावांनी इतक्या वर्षांत पसरली आहे.

वयाचं सांगतो. शिक्का नाही, म्हणून धातूवरून साल निघणार नाही. तळाच्या कोपऱ्याला ग्राइंडर नुसता टेकवून ठिणगी पाहता येईल. घडीव लोखंडाची ठिणगी लांब, पिवळसर आणि जवळपास फुलं नसलेली. पोलादाची पांढरी, फुलबाजीसारखी फुटणारी. बीडाची आखूड आणि लालसर. पोलादाची निघाली तर ठोकळा कारखान्यातून आलेल्या मालातून, बऱ्याचदा रेल्वेच्या किंवा यंत्राच्या भंगारातून केलेला असू शकतो. यावरून फार तर कारखान्याचा माल यायच्या ‘आधी की नंतर’ एवढं ठरतं.

वय काढायचं ते माणसांकडून. तुमची आजी किंवा आत्या असतील तर त्यांच्याजवळ बसा आणि फोनवर रेकॉर्डिंग चालू ठेवा. ‘ऐरण किती जुनी’ असं विचारू नका, त्याला उत्तर ‘लय जुनी’ एवढंच येतं. असं विचारा: ती घरात कोणी आणली? तुमच्या लग्नात होती का? ७२ च्या दुष्काळात आजोबा गावात होते की खडी फोडायला गेले होते? तेव्हा ऐरण कुठे होती? बलुतं कधी बंद झालं? शेवटची गाडीची धाव (चाकावरची लोखंडी पट्टी) कोणासाठी बसवली? अशा एकेका प्रश्नाला साल अडकलेलं असतं. मग गावातल्या जुन्या शेतकऱ्यांना विचारा. फाळ शेवटायला (ठोकून टोक काढायला) उन्हाळ्यात कुठे जायचात, कुळवाची पास कोण करायचं, बैलाच्या पत्र्या कोण ठोकायचं. बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून एका बैलाला आठ पत्र्या लागतात. त्या पत्र्या याच ठोकळ्यावर घडल्या असतील, तर तुमच्या आजोबांच्या हातून गावचा किती बैलबारदाना चालला असेल याचा विचार करा.

किंमत विचारलीत. बाजारात तिला भंगाराचीच किंमत येईल, हे खरं आहे आणि मला ते फार लागतं. डडलीचा शिक्का असलेल्या ऐरणीसाठी लोक परगावाहून गाडी घेऊन येतात. ज्या ठोकळ्यावर आपल्या गावची शेती उभी राहिली तो काट्यावर टाकतात. विलायती ऐरणीची माहिती कारखान्यांनी छापून ठेवली, शिक्के मारले, वजनं कोरली. आपल्या लोहाराचं कुणी काही लिहून ठेवलं नाही. म्हणून तुमचं टिपण हेच त्या ऐरणीचं प्रमाणपत्र. वहीत लिहा: गाव, घराणं, लांबी-रुंदी-उंची सेंटिमीटरमध्ये, वजन, कोणता कोपरा झिजला, तिच्यावर काय काय घडलं, ही माहिती कोणी आणि कोणत्या तारखेला दिली. चारही बाजूंचे फोटो, बाजूला पट्टी ठेवून. सांडशा, घण, भात्याचं तोंड, सुंभे, जे काही उरलं असेल ते एकत्र ठेवा. सुट्या ऐरणीपेक्षा पूर्ण संच कितीतरी जास्त सांगतो.

साफसफाई करायची तर फक्त कोरडं फडकं आणि तेल. खंडेनवमीला लावलेलं हळदकुंकू फटींमध्ये बसलं असेल तर ते राहू द्या. ओंडका किडला असेल तरी फेकू नका. ऐरण त्यात कशी बसवली होती, पाचर कुठे मारली होती, ते त्याच्यातच दिसतं. कडुनिंबाचं तेल लावून सावलीत ठेवा.

आणि ऐरण कुणाला देणार असाल तर वहीसकट द्या.

वडिलांनी रेल्वेच्या लिलावात घेतलेल्या ऐरणीवर ‘जी. आय. पी.’ अशी अक्षरं ठोकलेली आहेत. यावरून साल कळेल का? – एक वाचक, भुसावळ

ही मालकाची अक्षरं, घडवणाऱ्याची नाहीत. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनी १८४९ मध्ये स्थापन झाली, १६ एप्रिल १८५३ ला तिची पहिली गाडी बोरीबंदरहून ठाण्याला गेली, १९२५ मध्ये ती सरकारनं चालवायला घेतली आणि ५ नोव्हेंबर १९५१ ला तिची मध्य रेल्वे झाली. म्हणजे शिक्का १९५१ च्या आधीचा, एवढं पक्कं. ऐरण त्याहून जुनी असू शकते. घडवणाऱ्याचा शिक्का दुसऱ्या अंगाला शोधा. बाणाच्या टोकासारखी तीन रेघांची खूण दिसली तर ती ब्रिटिश सरकारी मालाची. लिलावाची पावती मात्र जपून ठेवा. रेल्वेच्या मालमत्तेबाबत १९६६ चा कायदा कडक आहे आणि उद्या विकायची झाली तर घेणारा पावती मागेल.

मी न्यू जर्सीत राहते. इथे एका घराच्या सामानाच्या विक्रीत गरुडाचं चित्र असलेली ऐरण घेतली. ती वाजत नाही, म्हणून नवरा म्हणतो बीडाची आहे, परत कर. दुसरं, साताऱ्याची आमच्या पणजोबांची ऐरण इकडे आणायची आहे. – एक वाचक, न्यू जर्सी

परत करू नका! गरुड म्हणजे फिशर, आणि ती तुमच्याच राज्यातली, ट्रेंटन गावची. १८४३ पासूनचा कारखाना. नवऱ्याचं अर्धं बरोबर आहे: अंग बीडाचं आहे. पण वर पोलादाची पाटी आहे. ती साच्याच्या तळाला तापवून ठेवायचे आणि वरून बीडाचा रस ओतायचे, म्हणजे ऐरण उलटी ओतली जायची आणि पाटी अंगाला धरायची. बीडात ग्रॅफाइटच्या पापुद्र्या असतात, त्या आवाज गिळतात. म्हणून ती शांत. छर्रा टाकून पाहा, तो उंच उसळेल. पुण्याच्या वाचकांनीही वरचा रंग उतरवल्यावर कुठे गरुड दिसतो का ते बघावं, आपल्याकडे अशी ऐरण विरळाच, पण बघायला काय जातं. फिशरला वेल्डिंग मात्र कधीच करू नका, बीड तडकतं.

साताऱ्याच्या ऐरणीचं जरा नीट ऐका. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी, ऐतिहासिक किंवा कारागिरीच्या दृष्टीनं महत्त्वाची वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. गावच्या लोहाराची ऐरण त्यात बसते की नाही हे तुम्ही किंवा मी ठरवायचं नाही. ती सामानात टाकून किंवा कुरियरनं पाठवू नका. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या मुंबई कार्यालयाकडे फोटो, मापं आणि घराण्याची माहिती देऊन अर्ज करा. वस्तू पुरावस्तू नाही असं त्यांच्या तज्ज्ञांना वाटलं तर तसा दाखला मिळतो, आणि तो घेऊनच कस्टममध्ये जायचं. दाखला नाकारला तर ऐरण साताऱ्यात भावकीतल्या कुणाकडे, कोरड्या जागी, तेल लावून ठेवा. उदगीरच्या वाचकांना सांगितलेली वही तेवढी करून घ्या. पणजोबांबद्दल सांगणारी माणसं साताऱ्यातच आहेत, तेव्हा पुढच्या सुट्टीत ते काम सगळ्यात आधी.